सोळा बायकांचा कागद

“सरकारच्या कागदात बाई गुडघाभर पाण्यात हुबी हाय, आन् तुमी मला भाईर निघ म्हणता?”

सदू, आठवतंय ना. कळसच्या पायऱ्यांच्या विहिरीत ठकूआत्या गुडघाभर पाण्यात उभी होती. डाव्या काखेत घागर, उजव्या हातात आपल्या दोघांचा नारूचा कागद, आणि आवाज असा की विहिरीतले पारवे उडाले ते थेट इंदापुरात जाऊन बसले. काही अजून परतले नाहीत म्हणतात. वर आपण तिघे होतो. बोर्डाचे आरोग्याचे साहेब सोलाटोपी सावरत उभे, तू आपला आखडलेला पाय वरच्या पायरीवर टेकवून, आणि मी, बोर्डाचा प्रचारक, पत्र्याचा कर्णा छातीशी धरून.

“आत्या, तसं करू नये म्हणून काढलंय ते,” तू समजावलंस.

“करू नये तर काढली कशाला? आन् काढली ती येवढी गोरीगोमटी? माझ्या सुना म्हणत्यात, सरकारची बाई पाण्यात उतरती, तर आपुन कोण लागून गेलो.”

साहेबांनी कागद मागवला. पायऱ्यांवरच्या बायकांच्या हातांतून तो ओला कागद वर आला. साहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला. अर्धाच होता. एका कडेला कातरीचा सरळ काप, मधे पुडीच्या घड्या, आणि घड्यांत चिकटलेली चहाची भुकटी.

“हा वाण्याच्या दुकानात कसा गेला?” असं विचारून साहेबांनी आधी तुझ्याकडं पाहिलं.

आणि मी गप्प बसलो. सदू, मी. पुण्यात बोलपट नुकते कुठं बोलायला लागले होते तेव्हा अख्ख्या बारामतीत मी एकटा बोलत होतो. पणदऱ्यात कर्णा तोंडाला लावला की सणसरातले बैल बुजायचे. त्या विहिरीवर माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. लोक तुझ्याविषयी बरंच बोलले, त्यातलं बरंच खरंही होतं. तू कुठं जन्मलास, कुठं शिकलास, हे मी तुला सांगत बसणार नाही. मला त्या दिवसाविषयी बोलायचंय. सात वर्षं आपण जगातल्या यच्चयावत गोष्टींवर बोललो, तेवढा दिवस सोडून.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. साहेब कळसला हवा खायला आले नव्हते. आपल्या कागदांचा लोकांवर काय परिणाम झाला ते डोळ्यांनी पाहायचं आणि बरा झाला असेल तर तुला बोर्डात चित्रकाराची कायमची जागा द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पारूवहिनींनी माहेरी निरोपसुद्धा धाडला होता. तू बोलला नव्हतास, पण कोट इस्तरी करून आला होतास. सबंध बारामतीत इस्तरीचा कोट घालून विहिरीवर जाणारा माणूस तेव्हा तूच पहिला, आणि माझ्या माहितीत तूच शेवटचा.

नारूचा कागद तुझा जीव होता. माझ्या भाषणातला नारू अजगराएवढा असायचा. एका गावात तर मी तो पाटलाच्या पायातून निघाला आणि बैल लावून ओढावा लागला असं सांगितलं होतं, आणि पाटील समोर बसून मान डोलावत होता. तू मात्र साधं सांगायचास. पायाला फोड येतो, फोडातून दोऱ्यासारखा किडा बाहेर येतो. तसल्या पायानं विहिरीत उतरलं की किडा पाण्यात आपलं बी सोडतो, आणि ते पाणी न गाळता प्यालं की वर्षभरानं प्यालेल्याच्या पायाला फोड. बस. दोन गोष्टी करा म्हणायचास. पाण्यात उतरू नका, पाणी दुहेरी फडक्यानं गाळा. ऐकणारा विचारायचा, एवढंच? तू म्हणायचास, “येवढंच.” मग लोकांचा विश्वास बसायचा नाही, म्हणून मला अजगर आणावा लागायचा.

तुझ्या पायातून तो लहानपणीच निघाला होता. आई रोज बोटभर बाहेर घ्यायची आणि काडीवर गुंडाळायची. एक दिवस मामा आला, त्याला घाई. त्यानं ओढला, तो तुटला, पाय सुजून आखडला तो कायमचा. “ओढायचं नसतं गड्या,” तू म्हणायचास. “बोटभर. आज बोटभर, उद्या बोटभर.” तुझं निम्मं शहाणपण त्या काडीवरच गुंडाळलेलं होतं.

शिळाछापखान्यात तू त्या बाईचं चित्र काढत होतास ती दुपार मला अजून दिसते. दगडावर सगळं उलटं काढायचं असतं. तू उलटं काढायचास ते आमच्या सुलट्यापेक्षा सुबक यायचं. वरच्या अर्ध्यात चुकीची बाई, गुडघाभर पाण्यात घागर बुडवणारी. खालच्या अर्ध्यात बरोबर बाई, काठावर बसून घागरीच्या तोंडाला फडकं लावून पाणी गाळणारी. मी दगडावर वाकलो आणि म्हणालो, “सद्या, ही वरची बाई चुकतीय का लग्नाला निघालीय?”

“का, बरी आली न्हाय?”

“बरी? अरे, हिच्यासाठी मीच विहिरीत उतरंन. आणि खालची बघ, सोळा सोमवारचा उपास केल्यासारखी. लोक कुणाकडं बघतील?”

तू रेघ पुरी केलीस आणि मगच मान वर केलीस. “चुकीची बाई कुरूप काढली, तर बघणारी म्हणंल, ही मी न्हाय. अन् कागद घडी करून ठेवंल. ही देखणी हाय म्हणून तिला वाटंल, ही मीच.”

“आणि वाटल्यावर?”

“वाटल्यावर खाली बघंल.”

आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, लोक ऐकलेलं लक्षात ठेवतात. तू म्हणायचास, पाहिलेलं. मी म्हणायचो, तुझं चित्र पावसात विरघळतं. तू म्हणायचास, तुझं भाषण उन्हातच विरतं. त्या एका गोष्टीत मात्र तू चुकलास, सदू. खाली बघायला खालचा अर्धा कागद शिल्लक तरी असायला हवा.

आता ते सांगतो.

गठ्ठा वाटायचं काम माझं होतं. पणदऱ्यापासून कळसपर्यंत गावोगाव, घरटी एक कागद हातात द्यायचा आणि चित्र समजावून सांगायचं, असं तू तीन वेळा बजावलं होतंस. चौथ्या दिवशी मी परत आलो आणि तुला सगळं सांगितलं. पणदऱ्यातल्या कुत्र्यांनी मला कॅनॉलच्या भरावावरून कसं पळवलं. सणसरच्या एका म्हातारीनं कागद कपाळाला कसा लावला. उसाच्या फडात रात झाली आणि कोल्ह्यांनाच नारूविषयी भाषण द्यावं लागलं, ते कोल्हे कसे शांत बसून ऐकत होते. तू हसून हसून दगडावरची शाई पुसलीस. मला वाटतं सगळ्यात जास्त तू त्या कोल्ह्यांनाच हसलास.

मी पणदऱ्याला गेलोच नव्हतो, सदू.

ऊन असं होतं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. गठ्ठा सायकलच्या मागे बांधला होता, आणि गाव सुटायच्या आत मागचं चाक पंक्चर. समोरच हिराशेटचं किराणा दुकान. त्यानं पाटावर बसवलं, ताक पाजलं, दुसरं पाजलं. दुकानात बघतो तो साऱ्या तालुक्याची गर्दी, पणदऱ्याचे, सणसरचे, पार कळसचे, बाजाराचा दिवस. दुसरं ताक संपता संपता मला साक्षात्कार झाला. मी घरोघर कशाला जाऊ? घरं इथंच आलीत. शेटला म्हणालो, हे कागद ठेवा, प्रत्येक गिऱ्हाइकाला सामानाबरोबर एकेक द्या, अख्खा. तो म्हणाला, “देतो की.” आणि उरलेले तीन दिवस मी मावशीकडं मळ्यात झोपून काढले.

शेट खोटा नव्हता. दिलेच त्यानं. पण छटाकभर चहा अख्ख्या कागदात कोण बांधतो? त्यानं गठ्ठा मधोमध कापला. खालच्या अर्ध्यात, उपाशी बाईत, मिरची बांधली. ती चुलीपाशीच फाटली आणि चुलीतच गेली. वरच्या अर्ध्यात चहा-साखर. चारसहा बाजार होईपर्यंत गिऱ्हाइकं मागून घ्यायला लागली, “शेट, मला बाईच्या कागदात द्या.” घरी नेऊन भिंतीला डकवली. तुझं चित्र सबंध तालुक्यात इतकं गाजलं की विहिरीवर गर्दी वाढली. अक्षरं होती वर, करू नका म्हणून. वाचणार कोण?

हे मला कळसला कळलं, ठकूआत्याच्या हातात कागद पाहिला तेव्हा. एका नजरेत सगळं कळलं. काप ओळखला, घडी ओळखली, शेटची चहाची भुकटीसुद्धा ओळखली.

साहेबांना वेगळंच कळलं. त्यांचा तर्क सरळ होता. छापखान्यातला कागद वाण्याकडं जातो तो रद्दी म्हणून. रद्दी विकणारा छापखान्यातला. ते म्हणाले, “मी तुम्हांला विचारतोय.” तू माझ्याकडं एकदाच पाहिलंस. मी विहिरीतल्या बेडकांकडं बघत होतो. त्या विहिरीत किती बेडूक होते ते मला आजही बिनचूक सांगता येईल.

मग तू म्हणालास, “चित्र माझंच हाय, साहेब.”

एवढंच. रद्दी विकली म्हणाला नाहीस, विकली नाही असंही म्हणाला नाहीस. साहेबांनी टोपी पुन्हा सावरली आणि ते निघाले. पुढल्या महिन्यापासून बोर्डाची चित्रं पुण्याला छापायला जायला लागली. तुझा कोट ट्रंकेत गेला. तू पुन्हा दुकानांच्या पाट्या आणि तमाशाच्या जाहिराती रंगवायला लागलास. माझा कर्णा मात्र चालू राहिला. कर्ण्यावर कुणाचाच संशय नव्हता.

मी स्वतःला सांगत आलो की तुला कळलं नसेल. तुझा माझ्यावर विश्वास होता, म्हणजे त्या कोल्ह्यांवर होता. आणि तू कधी विचारलं नाहीस. मारुतीच्या पाराशी आपण तसेच बसायचो, चहा तसाच प्यायचो, सणसरच्या कालवडीची गोष्ट मी तशीच सांगायचो. कालवडीची तरी खरी होती. आपण चावडीच्या भिंतीला कागद डकवले आणि मागं वळलो तोवर एका कालवडीनं खळीच्या वासानं अकरा कागद खाल्ले. मी लोकांना सांगायचो की पुढं ती गाय झाली तेव्हा तिच्या दुधानं अख्खी आळी नारूमुक्त झाली. तू तेवढ्यावरून धडा घेतलास आणि जनावरानं तोंड लावू नये म्हणून खळीत मोरचूद कालवायला लागलास. हाच आपल्या दोघांतला फरक. मला कालवडीपासून गोष्ट मिळाली, तुला मोरचूद.

मग एका सुट्टीच्या दिवशी तू मला छापखान्यात बोलावलंस. मालकानं तुला एक झिजका दगड वापरू दिला होता आणि लग्नपत्रिकांचे उरलेले कागद. एका बाजूला चि. सौ. कां. अमुकतमुक, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तू छापलं होतंस. मी पाहिलं. सोळा चौकटी. प्रत्येकीत एक बाई. एक काठावर बसलीय, एक उभी, एक वाकलीय, एकीच्या कडेवर पोर. सोळाच्या सोळा पाणी गाळत होत्या. चुकीची बाई कुठंच नव्हती.

“ह्या सगळ्याच देखण्या कशा?” मी विचारलं.

“तूच म्हणला व्हतास न्हवं का.”

नीट बघायला लागलो तर एकेक ओळखीची निघायला लागली. ही पणदऱ्याची कासारीण. ही पारूवहिनी, हनुवटीवरच्या गोंदणासकट. कोपऱ्यातली, एक हात कमरेवर ठेवून गाळणारी, ती कळसची ठकूआत्या. नाकपुडीसुद्धा तशीच फुगलेली.

“सद्या, हा उभा काप, आडवा काप,” तू बोटानं दाखवलंस. “कुठूनबी कातरू दे. चहाला बांधू दे, मिरचीला बांधू दे. हातात येईल त्या तुकड्यात बाई पाणीच गाळती.”

हो, तू मलाच सद्या म्हणालास. तू खुशीत आलास की मला स्वतःच्याच नावानं हाक मारायचास, आणि मी तुला माझ्या. कुणी तिसरा ऐकत असला की त्याला वाटायचं या दोघांना ऊन लागलंय.

मी गठ्ठा उचलला आणि म्हणालो, “उद्याच निघतो. आधी पणदरे, मग सणसर...”

“तू वाटू नगंस,” तू म्हणालास. “वाण्याला दे.”

“का रं?”

“वाणी तुझ्यापेक्षा लांब पोचतो.”

हे मी गावोगाव सांगितलं, सदू. तुझा विनोद म्हणून. कर्ण्यातून सांगितलं. लोक पोट धरून हसायचे, त्यात सगळ्यांत मोठ्यानं मी.

त्यानंतर एका बाजारी ठकूआत्या भेटली. कनवटीला पुडीचा तुकडा होता, तो तिनं उलगडला. “कर्णेवाल्या, ही मीच की रं.”

“तूच, आत्या.”

“त्या लंगड्यानं काढली?”

“त्यानंच.”

तिनं तुकडा डोळ्यांजवळ धरला. “नाक लई मोठं काढलंया मुडद्यानं,” ती म्हणाली. मग तुकडा परत घडी करून म्हणाली, “आता गाळायलाच पायजे. न्हायतर सुना म्हणतील, सासू कागदात येक आन् घरात येक.” आणि बाई हट्टी अशी की पुढच्या वर्षी तिनं गावाच्या मागं लागून विहिरीवर रहाट बसवून घेतला आणि पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकून घेतल्या. काट्या ओलांडून उतरणारीला ती घरी गाठायची. मला विचारशील तर नारूला त्या विहिरीतून तिनंच हाकलला, अजगर होऊन आला असता तरी टिकला नसता. बोर्डाच्या अहवालात त्याचं श्रेय प्रचारकाच्या प्रभावी भाषणांना दिलंय. तो प्रचारक मी. मी तो अहवाल तुला वाचून दाखवला होता. तू म्हणालास, “बरं लिवलंय.” टोचून नाही. बरं लिहिलं होतं म्हणून.

तुला ताप भरला तेव्हा मी रोज यायचो. रोज घरून ठरवून निघायचो की आज सांगायचं. बोटभर सांगू, निदान शेटच्या ताकापर्यंत. तुझ्या खाटेशी बसलो की तू म्हणायचास, “काय तरी सांग रं,” आणि मी भलतंच सांगायचो. शेवटच्या दिवशी पुन्हा सणसरची कालवड सांगितली. आता कागद चौदा झाले होते. तू डोळे मिटून ऐकत होतास. संपल्यावर विचारलंस, “त्या दिशी मोरचूद नव्हता न्हवं?” मी म्हणालो, नव्हता. “घालाया पायजे व्हता,” तू म्हणालास आणि झोपलास. आपलं शेवटचं बोलणं हे. दोन शहाण्या माणसांनी जन्मभराची मैत्री मोरचुदावर संपवावी, असं मी कुणाला सांगितलं तर म्हणतील हा पुन्हा थापा मारतोय.

तुझं किती देणं माझ्याकडं राहिलं ते मला मोजता येत नाही. माझ्या गोष्टी ऐकणारे शेकडो भेटले. खोट्या आहेत हे ओळखून त्यांत आपल्यासाठी खरं काय ते निवडून घेणारा तू एकटाच. मला कर्णा सगळ्यांनी दिला, कान तू दिलास.

काल तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. भिंतीला तो सोळा बायकांचा कागद, अख्खा, न कापलेला. तालुक्यात तेवढा एकच अख्खा उरलाय. मी उंबऱ्याशी बसलो आणि सांगायला लागलो. कुत्रे नाहीत, कोल्हे नाहीत, अजगर नाही. ऊन, पंक्चर, ताक, कातरी, मावशीचा मळा. विहीर आणि बेडूक. साहेबांनी तुला विचारलं तेव्हा उत्तर माझ्याकडं होतं आणि मी ते दिलं नाही, तुझी जागा माझ्यामुळं गेली, आणि सात वर्षं मी तुझ्याशेजारी बसून चहा प्यालो, हे सगळं. जन्मात पहिल्यांदा गोष्ट आहे तेवढीच सांगितली, आणि ती इतकी लहान निघाली की मलाच नवल वाटलं. आल्या आल्या वहिनींनी पुढं ठेवलेल्या तांब्याला मी अजून हात लावला नव्हता.

वहिनींनी सुपातून एक खडा वेचला आणि बाजूला टाकला.

“त्यांना ठावं व्हतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “तांब्यातलं पाणी गाळलेलं हाय. प्या.”